नको म्हणण्याचे पथ्य

मूत्रपिंडाच्या जुनाट आजारात औषधे घेणे हे सर्वांत सोपे काम असते, असे माझे आता ठाम मत झाले आहे. गोळी डबीत असते, वेळ ठरलेली असते आणि ती गिळली की आपण त्या कामातून मोकळे होतो. अवघड असते ते कुणी प्रेमाने पुढे केलेले शहाळे नाकारणे, कुणाच्या तरी चुलत्याला गुण आलेला काढा न घेणे, लग्नाच्या पंगतीत लोणचे-पापड पानात पडू न देणे, आणि एवढे करूनही माणसे न दुखावणे. मधुमेहामुळे माझ्या मूत्रपिंडांचे काम मंदावले आहे. आजाराच्या एकूण पाच टप्प्यांपैकी मी तिसऱ्याच्या उत्तरार्धात आहे आणि डायलिसिसची गरज अद्याप पडलेली नाही. मी सांगलीत राहते, माध्यमिक शाळेत गणित शिकवते आणि घरातला स्वयंपाक बहुतांशी मीच करते. या तिन्ही गोष्टींचा पुढील मजकुराशी संबंध आहे, म्हणून त्या आधीच सांगून टाकल्या.

गणिताच्या शिक्षिकेने आकड्यांपासून सुरुवात करणे स्वाभाविक आहे. आपल्याकडे किडनीची चौकशी म्हणजे ‘क्रिएटिनिन किती?’ एवढाच प्रश्न असतो. माझे १.७ आहे. ऐकणाऱ्याला ते फारसे वाटत नाही, कारण त्याच्या ओळखीत कुणाचे तरी सात किंवा आठ असते. परंतु क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा टाकाऊ पदार्थ आहे. ज्याचे स्नायू जास्त त्याच्या रक्तात तो मुळातच जास्त असतो. म्हणून वय आणि लिंग विचारात घेऊन सूत्राने मूत्रपिंडांचा रक्त गाळण्याचा वेग काढतात, त्याला ईजीएफआर म्हणतात. २०२१ चे प्रचलित सूत्र लावले, तर बावन्न वर्षांच्या माझ्यासारख्या स्त्रीच्या बाबतीत १.७ चा अर्थ सुमारे ३६ असा निघतो, तेच १.७ पंचवीस वर्षांच्या तरुणाच्या रिपोर्टमध्ये असेल, तर ईजीएफआर ५७ च्या आसपास येतो. त्याहून महत्त्वाचे उदाहरण आमच्या शेजारच्या काकूंसारख्या बायकांचे आहे. पासष्ट वर्षांच्या स्त्रीचे क्रिएटिनिन १.२ आले, तर अनेक लॅबच्या कागदावर ते ‘नॉर्मल’च्या कडेला बसते आणि घरचे निश्चिंत होतात, पण त्याच सूत्राने तिचा ईजीएफआर फक्त ५० निघतो. तो तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिला, तर तो जुनाट आजारच होय. पूर्वी सगळ्या लॅब हा आकडा छापत नसत. आता पुष्कळ छापतात, मात्र तो जाड अक्षरांत नसल्यामुळे वाचला जात नाही.

दुसरा आकडा लघवीतून गळणाऱ्या अल्ब्युमिन या प्रथिनाचा. सकाळच्या पहिल्या लघवीच्या नमुन्यात अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर काढतात. ते ३० च्या आत असावे आणि ३०० च्या पुढे गेले तर गळती मोठी आहे असे समजावे. मधुमेहात रक्तातले क्रिएटिनिन वाढण्याच्या कितीतरी वर्षे आधी बहुधा ही गळती सुरू झालेली असते. एवढे असूनही साखर नियमित तपासणारी आणि ‘एचबीएवनसी’ म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा तोंडपाठ असणारी माणसे लघवीची ही साधी तपासणी वर्षानुवर्षे करत नाहीत, याचे मला फार आश्चर्य वाटते. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा या दोन्ही तपासण्या कराव्यात, एवढी एक विनंती मी शिक्षक-कक्षात अधूनमधून करत असते.

माझे सगळे आकडे मी एका वहीत उतरवते आणि त्यांचा आलेख काढते. एका रिपोर्टवरून काहीही ठरवू नये, हे त्या आलेखाने मला जितके पटवले तितके कुणाच्या सांगण्याने पटले नसते. ताप, जुलाब, लॅब बदलणे, आदल्या रात्रीचे मटण, अशा कशानेही आकडा वर-खाली होतो. शिवाय या आजारातली सर्वांत उपयोगी औषधे सुरुवातीला क्रिएटिनिन वाढवतात. टेल्मिसार्टन, लोसार्टन किंवा रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या, तसेच डापाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या गोळ्या मूत्रपिंडातील सूक्ष्म गाळण्यांवरचा दाब उतरवतात. दाब उतरला की गाळण्याचा वेग थोडा घटतो आणि क्रिएटिनिन थोडे चढते, परंतु पुढील वर्षांमध्ये गाळण्या टिकतात त्या याच उतरलेल्या दाबामुळे. टेल्मिसार्टनच्या जातीची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तीस टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर सहसा स्वीकारतात. ‘गोळीने किडनी खराब केली’ म्हणून ती परस्पर बंद करणारे रुग्ण मिरजेच्या कोणत्याही दवाखान्याच्या प्रतीक्षा-कक्षात भेटतील. याच्या नेमके उलटही घडते. जेवण तोडून, वजन आणि स्नायू घटवून क्रिएटिनिन खाली आणता येते, आणि तो खाली आलेला आकडा एखाद्या काढ्याच्या जाहिरातीत झळकू शकतो. त्यात मूत्रपिंड सुधारलेले नसते. माणूस वाळलेला असतो.

डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले आणि अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. त्याच जातीच्या एम्पाग्लिफ्लोझिनच्या बाबतीत तेच २०२५ मध्ये घडले. ज्या आजारात आयुष्यभर औषध घ्यायचे असते, त्यात ही बातमी कोणत्याही नव्या शोधाइतकी मोठी आहे.

आता शहाळ्याकडे वळते. आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे न्यावे, हा आपल्याकडचा जुना शिष्टाचार आहे आणि इतर बहुतेक आजारांत त्यात काही गैर नाही. एका ग्लासभर नारळपाण्यात साधारण सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असते. निरोगी मूत्रपिंडे ते सहज बाहेर टाकतात. मंदावलेल्या मूत्रपिंडांना ते जमत नाही, आणि रक्तातले पोटॅशियम फार वाढले तर हृदयाची लय बिघडते, बरेचदा आधी कोणतेही लक्षण न दाखवता. मात्र किडनीच्या प्रत्येक रुग्णाने पोटॅशियम तोडावे, असे मुळीच नाही. ज्याच्या रक्तातले पोटॅशियम ठीक आहे, त्याने फळे-भाज्या विनाकारण सोडणे हेही नुकसानच आहे. माझे पाचाच्या जरा वर असते आणि टेल्मिसार्टनही ते किंचित वाढवते, म्हणून मला हिशेब ठेवावा लागतो. गोळी सोडण्यापेक्षा शहाळे सोडणे शहाणपणाचे, असा हा साधा सौदा आहे.

खरी पंचाईत हिमोग्लोबिनवरून होते. मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक तयार करतात आणि त्याच्या हुकमाने अस्थिमज्जेत तांबड्या पेशी बनतात. ते संप्रेरक कमी पडू लागले की रक्त कमी होते. माझे हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आहे हे कळल्यावर नात्यातल्या प्रत्येक बाईने मला बीट, खजूर, डाळिंब आणि भिजवलेले काळे मनुके सुचवले. सांगलीत राहून बेदाण्याला नको म्हणणे तर जवळजवळ उद्धटपणाच ठरतो, कारण तासगावकडचे कुणी ना कुणी हंगामात किलोभर बेदाणे घेऊन येतेच. सुकवल्यावर द्राक्षातले पाणी जाते आणि पोटॅशियम तेवढेच राहते. शंभर ग्रॅम द्राक्षांत ते दोनशे मिलिग्रॅमच्या आत असेल, तर शंभर ग्रॅम बेदाण्यांत सातशेच्या पुढे जाते, आणि साखरेचा हिशेब वेगळाच. म्हणजे ज्या आजारामुळे रक्त कमी झाले, त्याच आजारात न चालणारे पदार्थ रक्त वाढावे म्हणून सुचवले जातात. येथे खरा उपाय म्हणजे रक्तातले लोह आणि लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन तपासणे, लोह कमी असेल तर ते गोळीने किंवा शिरेतून देणे आणि तरीही भागले नाही तर एरिथ्रोपोएटिनचे इंजेक्शन घेणे. मी बेदाणे आनंदाने ठेवून घेते, आणणाऱ्याच्या समोर दोन खाते आणि उरलेले शाळेत वाटते. द्राक्षे मात्र दहा-बारा मोजून खाते.

उपवासाचे पदार्थ हा स्वतंत्र विषय आहे. हलके म्हणून ओळखल्या जाणाऱ्या फराळात शेंगदाणे, बटाटे, रताळी, केळी, खजूर आणि राजगिरा असतो, म्हणजे पोटॅशियमचे सगळे मानकरी एकाच पंगतीला बसवलेले असतात. साबुदाण्यात ते फारसे नसते, पण तो नुसता स्टार्च असल्यामुळे मधुमेहात त्याचा उपयोग नाही. आषाढी एकादशीला मी थोडी वरईची भगर आणि ताजे ताक घेते. दाण्याची आमटी करत नाही. सासूबाईंना ते सुरुवातीला चमत्कारिक वाटले होते, परंतु त्यांनीच पुढे तोड काढली की ‘विठोबाला भगर चालते’.

पोटॅशियम पाण्यात विरघळते, या एका गुणधर्मावर अर्धे पथ्य उभे आहे. बटाट्याची साले काढून पातळ काप करायचे, भरपूर पाण्यात उकळायचे आणि ते पाणी ओतून द्यायचे. अशा रीतीने त्यातले निम्म्याच्या आसपास पोटॅशियम निघून जाते. पालेभाज्या आणि डाळींनाही हीच युक्ती कमी-अधिक प्रमाणात लागू पडते. नुसते भिजवण्यापेक्षा उकळणे अधिक परिणामकारक असते आणि कुकरमध्ये पाणी आतच राहत असल्यामुळे तेथे हा फायदा मिळत नाही. ‘पाण्यातले सत्त्व टाकू नये’ असे शिकत मोठ्या झालेल्या मला ते पाणी मोरीत ओतताना अजूनही थोडे अपराधी वाटते. पुरणपोळीच्या दिवशी तर हा हिशेब फारच स्पष्ट दिसतो. हरभऱ्याच्या डाळीतून निघालेला कट म्हणजे नेमके तेच पाणी, आणि कटाची आमटी म्हणजे मसाला घालून वाढलेले पोटॅशियम. होळीला मी अर्धी पोळी तुपाशी खाते आणि आमटी दुरून हुंगते. कमरख (स्टार फ्रूट) हे फळ मात्र या हिशेबात बसत नाही. त्यातले विष मूत्रपिंड मंद असलेल्या माणसाच्या मेंदूपर्यंत पोहोचते आणि न थांबणाऱ्या उचकीपासून झटक्यांपर्यंत काहीही होऊ शकते, म्हणून त्याची एक फोडही नको.

मिठाच्या बाबतीत मी शिक्षिकेचा खाक्या वापरला. दिवसाला माणशी पाच ग्रॅम म्हणजे सपाट चमचाभर मीठ, ही मर्यादा सगळ्यांनाच सांगितली जाते, पण आमटीतले मीठ मोजणार कोण? म्हणून मी उलट बाजूने हिशेब केला. आम्ही घरात तीन माणसे. तीन गुणिले पाच गुणिले तीस म्हणजे महिन्याला साडेचारशे ग्रॅम. एक किलोचा पुडा दोन महिन्यांच्या आत संपला, तर आम्ही जास्त मीठ खातो आहोत, हे सांगायला आहारतज्ज्ञ लागत नाही. आणि या हिशेबात लोणचे, पापड, फरसाण, खारी, बिस्किटे व जयसिंगपूरचे भडंग अजून धरलेलेच नाही. ज्वारीच्या भाकरीच्या पिठात आम्ही मीठ घालत नाही, ही आपल्या जेवणातली मोठी सोय आहे आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेते. सैंधव मीठ हेही प्रामुख्याने सोडियम क्लोराइडच असते, तेव्हा ‘सैंधव चालते’ या समजुतीला आधार नाही. त्याहून धोकादायक प्रकार म्हणजे रक्तदाबासाठी चांगले म्हणून विकले जाणारे कमी सोडियमचे मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते, म्हणजे किडनीच्या ज्या रुग्णाचे पोटॅशियम वाढते त्याने ते स्वयंपाकघरात आणूच नये.

येथे एक गोष्ट थोडी स्पष्टपणे लिहिते. घरातला पुरुष आजारी असेल तर त्याच्यासाठी वेगळी आमटी काढली जाते आणि कुणाला त्यात काही विशेष वाटत नाही. घरातली बाई आजारी असेल तर तिने स्वतःसाठी वेगळे करून घेणे हे लाड समजले जातात, आणि बहुतेक बायका स्वतःच तसे समजतात. म्हणून मी वेगळे काही करत नाही. आमच्याकडे सगळ्यांचाच स्वयंपाक कमी मिठाचा होतो आणि ज्याला हवे त्याने वरून मीठ घ्यावे, अशी पद्धत पडली आहे. पहिले काही आठवडे जेवण फिके लागले आणि नंतर जीभ वळली; यजमानांचा रक्तदाबही त्या निमित्ताने जरा उतरला, हे ते स्वतः कबूल करत नाहीत.

प्रथिनांविषयी मात्र माझे मत रूढ समजुतीच्या विरुद्ध आहे. ‘किडनी आहे ना, मग डाळ बंद’ हे वाक्य अनेक रुग्णांनी ऐकलेले असते. माझ्या टप्प्यावर दर किलो वजनामागे दिवसाला ०.८ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सर्वसाधारणपणे सांगितले जाते. साठ किलोच्या माणसाला ते ४८ ग्रॅम होते. भाकरी, वाटीभर वरण, भाजी, दही आणि एखादे अंडे अशा साध्या मराठी जेवणातून एवढी प्रथिने जेमतेम मिळतात. मांसाहार भरपूर असणाऱ्यांनी आणि प्रथिनांची पावडर घेणाऱ्यांनी आवर घालावा हे ठीक, परंतु आधीच अर्धपोटी जेवणाऱ्या बाईची डाळ बंद करणे म्हणजे तिला अशक्त करणे होय. डायलिसिस सुरू झाल्यावर तर ही गरज वाढून किलोमागे एक ते १.२ ग्रॅमपर्यंत जाते, आणि जुन्या पथ्याच्या सवयीने तेव्हाही डाळ न खाणारे लोक मी पाहिले आहेत.

पाण्याचा सल्लाही असाच सरसकट दिला जातो. मुतखडा असणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे हे बरोबर आहे. जुनाट आजारात जास्त पाण्याने मूत्रपिंड ‘धुऊन’ निघत नाही. सूज नसेल आणि लघवी नीट होत असेल तर तहानेप्रमाणे प्यावे, एवढेच मला सांगितले आहे. डायलिसिसवरच्या माणसाचा हिशेब अगदी निराळा असतो. त्याने दिवसभरात झालेल्या लघवीएवढे आणि वर साधारण अर्धा लिटर, एवढ्यातच चहा, ताक आणि आमटीसुद्धा बसवायची असते.

ज्या नकाराबाबत मी अजिबात तडजोड करत नाही, तो वेदनाशामक गोळ्यांचा. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन मिसळलेली गोळी चिठ्ठीशिवाय आणणे आपल्याकडे इतके सवयीचे आहे की त्याला कुणी औषध घेणेही म्हणत नाही. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा आवळतात. सोबत टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर तिघींचा परिणाम एकत्र येऊन मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. मला ताप किंवा अंगदुखी आली तर पॅरासिटामॉल ठरलेल्या प्रमाणात चालते. काढे आणि भस्मांबाबत माझे उत्तर ठरलेले आहे: घटक आणि त्यांचे प्रमाण छापील नसेल ते पोटात घालणार नाही. सांगणारा रागावतो, आणि मी त्याला चहा करून देते. हळदीच्या कॅप्सूलही यातच मोडतात. सांगलीच्या हळदीचा अभिमान मलाही आहे, पण तिच्यात ऑक्झलेट भरपूर असते आणि ते मूत्रपिंडात साचून त्याला इजा करू शकते. फोडणीतली चिमूटभर हळद आणि रोजच्या कॅप्सूल यांत पुष्कळ अंतर आहे.

जुलाब-उलट्या होऊन अंगातले पाणी कमी झाले, तर माझ्या काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. कोणत्या आणि किती दिवस, हे मी डॉक्टरांकडून आधीच लिहून घेतले आहे, कारण रात्री दोन वाजता ते विचारणार कुणाला? मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीचेही तसेच आहे: ईजीएफआर ४५ च्या खाली गेल्यावर ती कमी करतात आणि ३० च्या खाली बंद करतात. रक्तदाब मी घरी मोजते आणि तो १३०/८० च्या आत ठेवण्याचा प्रयत्न असतो. संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालून येते. बाकी आयुष्य इतरांसारखेच आहे. दहावीचे पेपर तपासते, सहलीला मुलांबरोबर जाते, डबा आपला नेते.

पुढच्या काळाची तयारी आतापासून करावी लागते आणि तिच्याविषयी बोलणे घरात कुणालाच आवडत नाही. मी उजव्या हाताने काम करते, म्हणून रक्ताचा नमुना देताना डावा हात पुढे करत नाही. पुढेमागे डायलिसिसची वेळ आली तर त्या हातात धमनी आणि शीर जोडून फिस्टुला करावा लागेल, तो पक्का व्हायला निदान दीड-दोन महिने लागतात, आणि सुयांनी खराब झालेल्या शिरांवर तो नीट होत नाही. हिपॅटायटिस बीची लस मी घेतली आहे, कारण मूत्रपिंडे जितकी खालावतील तितका तिचा परिणाम कमी होत जातो. खर्चाची चौकशीही करून ठेवली आहे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस आणि प्रत्यारोपण दोन्ही येतात आणि २०२३ मध्ये तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला. जिल्हा रुग्णालयांतून डायलिसिस देण्याचा केंद्राचा कार्यक्रम २०१६ पासून आहे.

प्रत्यारोपणाचा विषय यजमानांनीच काढला. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार पती-पत्नी, आई-वडील, भावंडे आणि मुले हे जवळचे नातेवाईक धरले जातात. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा व नातवंडेही त्यात आली, आणि रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी आपापसांत दात्यांची अदलाबदल करण्यालाही मुभा मिळाली. आपल्या देशात जिवंत दात्यांमध्ये बायका अधिक आणि मूत्रपिंड मिळणाऱ्यांमध्ये पुरुष अधिक, हे नोंदींवरून वारंवार दिसून आले आहे, त्यामुळे यजमानांचे बोलणे ऐकून मी क्षणभर गप्पच झाले. माझा रक्तगट ओ आहे आणि त्यांचा बी, म्हणजे सरळ देणे जमणार नाही. अदलाबदल करावी लागेल, किंवा मेंदूमृत दात्याच्या अवयवासाठी पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राच्या प्रतीक्षायादीत नाव नोंदवावे लागेल. ईजीएफआर वीसच्या जवळ आला की ही कागदपत्रे सुरू करायची, असे डॉक्टरांशी बोलणे झाले आहे. सध्या तो ३६ आहे आणि माझ्या वहीतली रेघ गेल्या वर्षात जवळजवळ आडवी राहिली आहे. पुढची तपासणी दिवाळीच्या आधी करून घेईन, म्हणजे फराळाची ताटे यायला लागतील तेव्हा पोटॅशियमचा ताजा आकडा हाताशी असेल.